पिनाका : वीस वर्षांचे शिवधनुष्य



अवघड जबाबदारी अंगावर घेतलेल्या माणसाविषयी आपण म्हणतो, ‘त्याने शिवधनुष्य उचलले.’ शिवाच्या त्या धनुष्याचे नाव पिनाक. आपल्या लष्कराच्या बहुनळी अग्निबाण प्रणालीला संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने, म्हणजे डीआरडीओने, हेच नाव दिले आणि इंग्रजी वळणाने ते ‘पिनाका’ झाले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तो ट्रक दिसला की आपण टाळ्या वाजवतो. मला आज बोलावयाचे आहे ते टाळ्यांच्या आधीच्या वीस वर्षांविषयी. ती वर्षे नीट पाहिली नाहीत तर ‘स्वदेशी’ हा शब्द आपल्या तोंडी केवळ घोषणा होऊन राहील.

अग्निबाण आपल्याला नवा नाही. आपल्या बखरींत ‘बाण’ हा शब्द दारू भरलेल्या नळीच्या बाणासाठीही येतो, आणि मराठ्यांच्या सैन्यात असे बाण सोडणारे बाणदार होते. परंतु ट्रकवर अनेक अग्निबाण चढवायचे, काही सेकंदांत ते सोडायचे आणि शत्रूच्या तोफा उत्तर देण्यापूर्वी जागा सोडून निघून जायचे, हे आधुनिक तंत्र जगाला दाखवले ते सोव्हिएत संघाच्या ‘कात्युशा’ने, १९४१ साली जर्मन आक्रमणाच्या वेळी. पुढे त्याच परंपरेतील ‘ग्राड’ आपल्या तोफखान्यात आली. तिच्या चाळीस नळ्या वीस सेकंदांत रिकाम्या होतात, परंतु पल्ला सुमारे २० किलोमीटर. त्यापलीकडे मारा करावयाचा तर परकीयांकडे मागणे आलेच. १९६५च्या युद्धात अमेरिकेने शस्त्रपुरवठा रोखला होता, हे तेव्हाची पिढी विसरलेली नव्हती.

म्हणून डिसेंबर १९८६ मध्ये पिनाका प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तरतूद होती २६ कोटी ४७ लाख रुपये आणि मुदत डिसेंबर १९९२. प्रमुख जबाबदारी पुण्यातील पाषाणच्या एआरडीई या आयुध संशोधन संस्थेकडे. इंधन आणि स्फोटके पुण्याच्याच एचईएमआरएल या प्रयोगशाळेची. अग्निनियंत्रणाचे काम बंगळुरूकडे. पाषाणच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या पुणेकरांना त्या भिंतींमागे काय चालले आहे याची कल्पना नव्हती, आणि असूही नये.

मुदत १९९२ची होती, आणि लष्कराच्या चाचण्या १९९९ पर्यंत चालू होत्या. आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘सरकारी कारभार, दुसरे काय होणार?’ दुसरा विलंबाचा शब्दही काढू देत नाही. दोघांनाही थोडे थांबवून मी सांगेन की आधी काम काय होते ते समजून घ्या. मी कला शाखेचा माणूस आहे, तेव्हा मला जसे समजले तसे सांगतो.

तोफेचा गोळा नळीतून बाहेर पडतो तेव्हा त्याला पूर्ण वेग मिळालेला असतो. अग्निबाणाचे तसे नाही. तो नळी सोडतो तेव्हा त्याचा वेग कमीच असतो, इंधन नंतरही जळत राहते. त्या पहिल्या क्षणांत वाऱ्याची एक झुळूकही त्याचे तोंड किंचित फिरवते, आणि तो किंचित फरक तीस-पस्तीस किलोमीटरवर शेकडो मीटरचा होतो. त्यात इंधनाची खोड अशी, की राजस्थानच्या उन्हात ते जितक्या वेगाने जळते तितक्या वेगाने लडाखच्या थंडीत जळत नाही. एकाच घाण्यातून निघालेले इंधन सर्वत्र सारखे हवे. आत एक सूक्ष्म भेग राहिली तरी अग्निबाण भलतीकडे जाऊ शकतो किंवा वाटेतच फुटू शकतो. शिवाय प्रत्येक अग्निबाण सुटताना त्याच्या ज्वाळांचा धक्का ट्रकलाच बसतो आणि पुढच्या अग्निबाणाचा नेम हलतो. म्हणून मारा करण्यापूर्वी वाहन चार पाय जमिनीवर रोवते. पिनाकाचे बारा अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात, म्हणजे सुमारे दर चार सेकंदांना एक. मधल्या त्या चार सेकंदांत ट्रकचे हादरे शमावे लागतात. या विद्येचे बारकावे कोणताही देश दुसऱ्याला शिकवीत नाही, विकत तर मुळीच देत नाही. ते चुकत, फोडत, पुन्हा बांधतच शिकावे लागते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्या संरक्षण प्रयोगशाळांवर निर्बंध घातले, त्या काळातही हे काम थांबले नाही.

त्यातून जे उभे राहिले त्याचे मोजमाप असे : व्यास २१४ मिलिमीटर, पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे ३७.५ किलोमीटर, स्फोटक शीर्ष सुमारे १०० किलोचे. सहा प्रक्षेपकांची एक तुकडी ४४ सेकंदांत ७२ अग्निबाण सोडते, म्हणजे सात टनांच्या आसपास दारूगोळा. २००६ मध्ये टाटा पॉवर आणि लार्सन अँड टुब्रो यांना प्रक्षेपकांची मागणी मिळाली. मंजुरीपासून मोजले तर वीस वर्षे.

विलंब नव्हता असे मी म्हणणार नाही. सहा वर्षांचे काम वीस वर्षांवर गेले, त्या काळात सीमेवरच्या जवानाने काय वापरायचे होते, हा प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरत नाही. किंबहुना त्याच प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर म्हणून आपण रशियाकडून ‘स्मर्च’ घेतली. ती गरज होती. परंतु ९० किलोमीटर मारा करणारी स्मर्च घेतली म्हणून पिनाका गुंडाळली नाही, हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. विकत घेतलेल्या शस्त्राचा पल्ला विकणारा ठरवतो. पिनाकाचा पल्ला आपण वाढवू शकलो : दुसऱ्या आवृत्तीत ६० किलोमीटर, आणि दिशादर्शन बसवलेल्या ‘गायडेड पिनाका’त ७५च्या पुढे. त्याच्या नाकाशी छोटे पंख आहेत. उड्डाणातच ते वळून नेम सुधारतात. वाऱ्याच्या झुळुकीची जी चिंता सुरुवातीला होती, तिला हे उत्तर. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या चाचण्या पूर्ण झाल्या, आणि त्या लष्कराच्या सेवेतील प्रक्षेपकांवरूनच झाल्या. म्हणजे ट्रक जुना, बाण नवा. २०२२ साली आर्मेनियाने पिनाकाची मागणी नोंदवली.

आता एक अप्रिय गोष्ट. ज्या टाट्रा ट्रकवर पिनाका उभी राहिली तो मूळचा चेक बनावटीचा. बीईएमएल या आपल्या सरकारी कंपनीने त्याची येथे निर्मिती केली. ऑगस्ट २०२० मध्ये सहा नव्या रेजिमेंटांसाठी सुमारे २,५८० कोटींचे करार झाले, तेव्हा स्वदेशी भाग ७० टक्के असल्याचे सरकारनेच सांगितले. आपल्या कार्यकर्त्यांनी भाषणात ७० हा आकडा जरूर सांगावा, पण ३० हाही सांगावा. प्रयोगशाळेतील तरुणांना त्या तिसांवरच काम करायचे आहे.

आणि दुसरी गोष्ट, जिच्याकडे वर्तमानपत्रांचे लक्ष सहसा जात नाही. ७२ अग्निबाण ४४ सेकंदांत संपतात. मग पुढचे ७२ कोठून येणार? युक्रेनच्या युद्धाने साऱ्या जगाला हाच प्रश्न घातला आहे. प्रक्षेपक पाहायला गर्दी जमते, परंतु युद्ध लांबले तर निकाल कारखान्यातल्या पाळ्यांवर लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तीन करार केले, एकूण १०,१४७ कोटींचे. एक पिनाकाच्या अग्निनियंत्रणात वापरल्या जाणाऱ्या ‘शक्ती’ संगणक प्रणालीचा, भारत इलेक्ट्रॉनिक्सशी. उरलेले दोन अग्निबाणांचे : एक खडकीत मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाशी, दुसरा नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोजिव्हज या खासगी कंपनीशी. प्रकल्पाची पहिली मंजुरी साडेसव्वीस कोटींची होती. तेव्हा पाषाणमध्ये कामाला लागलेले तरुण आता निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या इंधनाचे घाणे आता विदर्भात चालू आहेत.