घरे बांधावीत, जमीन विकू नये

मुंबईत घरांसाठी जमीन उरलेली नाही, हे विधान इतक्या सवयीने केले जाते की त्यामागचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. शहराच्या पूर्व किनाऱ्यावर कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पसरलेली सुमारे 1,800 एकर जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची आहे, मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग या पट्ट्यातील मिठागरांचा मोठा भाग केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या अखत्यारीत येतो, रेल्वेची यार्डे आणि वसाहती रुळांच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि राज्याचा महसूल विभाग, महापालिका, म्हाडा व संरक्षण खाते यांच्या जमिनी त्याखेरीज आहेत. या सगळ्या जमिनी मोकळ्या आहेत असा दावा कोणी करू नये; परंतु त्यांपैकी बऱ्याच जागी गळक्या छपरांची गोदामे, बंद पडलेल्या कार्यशाळा आणि मोडकळीस आलेल्या इमारती उभ्या आहेत, हेही नाकारता येत नाही. अशा जमिनीला अल्पवापरातील जमीन म्हणतात, म्हणजे जिचा वापर होतो, पण तिचे मोक्याचे स्थान आणि शहराची निकड पाहता फारच थोडा होतो. या जमिनींवर सामान्य माणसांची घरे व्हावीत हे आता बहुतेकांना मान्य आहे. तथापि घरे बांधणे आणि जमीन विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करण्यासाठी दुसरी करावीच लागते हा समज सोडून द्यावा, एवढाच या भाषणाचा आग्रह आहे.

कोकणातल्या एखाद्या जुन्या एकत्र घराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. घर थोरले असते, खोल्या आठ-दहा असतात, पण वाटण्या झालेल्या असतात. तीन भाऊ मुंबई-पुण्याला स्थायिक झालेले, त्यांच्या खोल्यांना कुलपे, आणि गावी राहिलेल्या भावाची मुले-सुना ओटीवर नि पडवीत दाटीवाटीने झोपतात. खोली वापरायला द्या असे म्हटले की जो तो आपल्या वाटणीचा कागद पुढे करतो, आणि तोवर कौले फुटतात, वाशांना वाळवी लागते. सरकारी खात्यांचे वागणे यापेक्षा फारसे निराळे नाही. धारावीलगतची रेल्वेची सुमारे 45 एकर जमीन पुनर्विकासासाठी घ्यायची ठरली तेव्हा 2019 मध्ये राज्याच्या प्रकल्पाने रेल्वेला 800 कोटी रुपये मोजले, म्हणजे एका भावाने दुसऱ्याकडून बंद खोलीची किंमत वसूल केली. आणि असा खर्च शेवटी घरांच्याच हिशेबात येऊन बसतो. याहून वाईट हे की कुलूप पुष्कळदा निघते तेच मुळी खोली विकायची ठरल्यावर, आणि खोलीत परके बिऱ्हाड आले की ओटीवरची माणसे ओटीवरच राहतात.

गिरणगावात नेमके हेच घडले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे साधारणतः तीन समान वाटे व्हायचे होते, एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने 1996 मध्ये सगळ्या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सुचवले होते. 2001 मध्ये मात्र नियम बदलला आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जागा वाटणीतून वगळली गेली, आणि बांधकामांनी व्यापलेल्या गिरण्यांत मोकळी जागा ती कितीशी असणार? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हा बदल वैध ठरवला. खाजगी मालकांनी नियमाचा लाभ घ्यावा हे समजण्यासारखे आहे, परंतु राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे खुद्द केंद्र सरकारचा उपक्रम, यानेही 2005 मध्ये मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विक्रीला काढल्या. त्या पैशातून आजारी गिरण्या सावरायच्या होत्या आणि देणी भागवायची होती. हेतू वाईट नव्हता. तरीही लोअर परळची सुमारे 17 एकरांची एक जमीन 2005 मध्ये 702 कोटींना गेली आणि सात वर्षांनी, 2012 मध्ये, पहिल्या खरेदीदाराने ती दुसऱ्याला 2,727 कोटींना विकली. वाढलेल्या किमतीतला वाटा मूळ मालकाला, म्हणजे जनतेला, मिळण्याची वाट पहिल्या विक्रीतच बंद झाली होती. आज गिरणी कामगारांच्या वारसांना बदलापूरच्याही पुढे, शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली जातात, आणि परळ-लालबागमध्ये ज्यांची हयात गेली त्यांच्या मुलांनी ती आनंदाने का स्वीकारू नयेत असे वर विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सकाळच्या वेळी वांगणी स्थानकावर लोकलमध्ये एकदा चढून पाहावे.

विकायची नाही तर द्यायची कशी, याचे उत्तर मुंबईला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. भाडेपट्टा म्हणजे जमिनीची मालकी देणाऱ्याकडे ठेवून तिच्या वापराचा हक्क ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक अटींवर दुसऱ्याला देणे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले आणि त्यावर मध्यमवर्गाच्या वसाहती उभ्या राहिल्या. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोनेही नवी मुंबईत भूखंड 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. (नवी मुंबईची जमीन मुळात शेतकऱ्यांची होती, आणि ‘सरकारी जमीन’ म्हणताना ती कोणाकडून आली हे विसरू नये; साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क तिथल्या भूमिपुत्रांना सहजासहजी मिळाला नाही. हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.) सिंगापूरमध्ये बहुसंख्य नागरिक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात आणि त्या सदनिका 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात.

मुंबईतल्या घराच्या किमतीत विटा-सिमेंटपेक्षा जमिनीचाच बोजा मोठा असतो. सरकारने बाजारभावाने जमीन विकली की खरेदीदार तो भाव घरातूनच वसूल करणार आणि ते घर सामान्याच्या आवाक्याबाहेर जाणार. जमीन विकलीच नाही, तर रहिवाशांच्या सहकारी संस्थेला मुख्यतः बांधकामाचा खर्च आणि माफक भुईभाडे एवढेच सोसावे लागते. भाडेपट्ट्यावर कर्ज मिळत नाही ही भीती अनाठायी आहे. सिडकोच्या भूखंडांवरील घरांना बँका कर्ज देत आल्या आहेत. राज्याने 2019 च्या नियमांनी भाडेपट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग एक, म्हणजे निर्बंधमुक्त मालकी, यात बदलून घेण्याची सोय केली, आणि जुन्या संस्थांना पुनर्विकासाच्या परवानग्यांसाठी जे खेटे घालावे लागत ते पाहता त्यांची मागणी रास्तही होती. परंतु नव्याने द्यावयाच्या जमिनींना ही वाट आरंभापासून मोकळी ठेवणे म्हणजे विक्रीच, फक्त हप्त्याहप्त्याने केलेली. म्हणून पुन्हा सांगावे लागते: घरे बांधावीत, जमीन विकू नये.

बंद खोल्यांचा आणखी एक नमुना शिवडीला आहे. 1920 च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने बांधलेल्या आणि म्हणून बीडीडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या 207 चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी उभ्या राहिल्या. सगळीकडे तीच तळमजला अधिक तीन मजल्यांची रचना, तीच 160 चौरस फुटांची खोली, मधून जाणारा तोच लांब अंधारा बोळ आणि टोकाला सामाईक शौचकूप. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या 12 चाळी मात्र या प्रकल्पाबाहेर राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन बंदराच्या, म्हणजे केंद्राच्या एका संस्थेच्या नावावर आहे. भिंतींचे वय सारखे, ओल सारखी, आतल्या माणसांचे कष्ट सारखे; फरक फक्त मिळकतीच्या कागदावरील नावाचा. केंद्र आणि राज्य यांनी एका टेबलाशी बसून हा गुंता सोडवणे अवघड नाही, आणि तसे झाले नाही याचा जाब मतदारांनी दोघांनाही विचारायला हवा.

मिठागरांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. 2024 मध्ये सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावीतील रहिवाशांच्या भाड्याच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. खाडीकाठची सखल मिठागरे भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेतात, हाही जमिनीचा वापरच आहे; 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्याला जागा नसल्याचा अर्थ शहराला कळला. त्यामुळे कागदावर रिकामी दिसणारी प्रत्येक जमीन घरांसाठी योग्य ठरत नाही, आणि अल्पवापर ठरवण्यापूर्वी चढ-उतार व निचरा यांची पाहणी व्हावी. पडीक गोदामांच्या जागा हाताशी असताना मिठागरांपासून सुरुवात करण्याचे कारण समजत नाही.

वेळ संपत आल्यामुळे भाडेपट्ट्याच्या अटींची पुरेशी चर्चा येथे शक्य नाही. किमान दोन अटी मात्र पहिल्याच करारात स्पष्ट लिहिल्या जाव्यात. घर विकताना किंमतवाढीचा किती हिस्सा सरकारी निधीत जमा व्हावा, ही एक. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा आकार बाजारभावाशी जोडू नये, ही दुसरी. कारण तो तसा जोडला तर तिसऱ्या पिढीच्या हातात न पेलणारी नोटीस येईल आणि त्याच रहिवाशांना घर सोडावे लागेल, ज्यांच्यासाठी जमीन राखून ठेवली होती. बंदराच्या जमिनीवरील जुन्या भाडेकरूंनी अशा वाढीव आकारणीविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिलेला आहे, आणि नवे करार लिहिणाऱ्यांनी त्या दाव्यांची कागदपत्रे आधी वाचावीत.