पुस्तक कोणत्या कपाटात?

अनुदान, श्रेणीवाढ, संगणकीकरण यांचा आढावा ग्रंथपालांच्या संमेलनात अध्यक्षाने घ्यावा असा रिवाज आहे. पण तो कार्यवाहांच्या अहवालात आलाच आहे. प्रस्तुत अध्यक्षाची एक तक्रार कित्येक वर्षे घशाशी अडकली आहे. आज माइक हाती आहे.

तक्रार नवाल अल सादावी यांच्या पुस्तकांच्या जागेबद्दल आहे.

इजिप्तमधल्या कफ्र तहला गावात १९३१ साली जन्मलेल्या या बाई पेशाने डॉक्टर. मुलींची सुंता, कौमार्याचे खूळ यांवर उघड लिहिल्यामुळे १९७२ मध्ये त्यांचे आरोग्य खात्यातले पद गेले. पुढे स्त्रियांच्या मनोविकारांचा अभ्यास करताना कनातिरच्या महिला तुरुंगात फाशीची शिक्षा झालेली एक कैदी त्यांना भेटली. तिच्या हकिकतीतून कादंबरी उभी राहिली. आणि ६ सप्टेंबर १९८१ रोजी पोलीस त्यांच्याच घराचे दार फोडून आत शिरले; रवानगी झाली ती त्याच कनातिरला.

इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी त्या धरपकडीत दीड हजारांवर विरोधक उचलले होते. कोठडीत एका बाजूला बुरख्यातल्या धर्मनिष्ठ, दुसऱ्या बाजूला मार्क्सवादी, भांडणे व्हायचीच. कागद-पेन बंद. वेश्यांच्या बराकीतून भुवया रेखायची पेन्सिल चोरून आली आणि टॉयलेट पेपरवर लेखन सुरू झाले. बाईंनी कुदळ मागवून अंगणही खणून काढले. ६ ऑक्टोबरला सादात मारले गेले, नोव्हेंबरात बाई सुटल्या. या दिवसांच्या आठवणी १९८६ मध्ये मेरिलिन बूथ यांनी इंग्रजीत आणल्या.

हे पुस्तक आपल्याकडे कुठे सापडते? ड्युई वर्गीकरणाच्या ३०५.४ मध्ये, म्हणजे स्त्रीविषयकात. फार तर ३६५ मध्ये, तुरुंगांत. ८९२.७ हा अरबी साहित्याचा आकडा कुणाला आठवत नाही. टिळकांचे 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, म्हणून ते कैद्यांच्या हालअपेष्टांत ठेवले का कुणी? साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली; ती साहित्याच्याच कपाटात मानाने बसली आहे. पुरुष आत गेला की ग्रंथ लिहितो आणि बाई आत गेली की व्यथा सांगते, असा हा हिशेब आहे!

वाचक नसण्याचे कारणही पुष्कळदा हे चुकीचे कपाटच असते. भाषांतरांना वाचक नाही, असे कालच्या परिसंवादात तावातावाने सांगितले गेले. प्रस्तुत अध्यक्ष पूर्वी ज्या ग्रंथालयात होते, तिथे या तुरुंगातल्या आठवणींची प्रत 'महिला व आरोग्य' विभागात धूळ खात होती. समितीचा विरोध पत्करून ती आत्मचरित्रांत, टिळकांच्या शेजारी आणली. टिळक शोधायला आलेले कोर्टातले एक निवृत्त नाझर ती घेऊन गेले. परत करताना म्हणाले, "बाई पंचनामा करावा तसं लिहिते हो. हिची ती कादंबरी आहे का?" देवघेवीच्या टेबलापुरता तरी वाद तिथे मिटला.

वर्गीकरणाच्या फेरविचारासाठी एखादी उपसमिती नेमावी. स्त्रियांच्या तुरुंगलेखनाची सूचीही व्हावी. तीत १९८१ मध्येच पकडल्या गेलेल्या लतीफा अल झय्यात याव्यात आणि वेगळ्या पंथाच्या झैनब अल गझालीही याव्यात. सूची कोण करणार, पैसा कुठून येणार, हे विषयनियामक समितीत बोलू. संगणकीकरणावर बोलायचे राहिले. त्यासाठी दुपारचे सत्र आहे.