जुन्या बियांची रुजवण



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी या शाळेत विज्ञान शिकविले. मी आयुष्यभर मराठी शिकविली. म्हणून आज दोहोंच्या शिवेवरचा एक विषय आपल्यापुढे ठेवतो.

नया बाजारातली आपली जुनी मराठी घरे एकेक करून विकली जात आहेत. कोठीघर रिकामे करताना फडताळात एखादी पुरचुंडी सापडते. तीत पावट्याच्या, वालाच्या किंवा दुधीच्या पंधरावीस बिया असतात. कुणा आजीने त्या देशावरून आणून परसात लावलेल्या असतात. परस केव्हाच गेले. त्या वाणाचे दुसरे बी घरात नाही. मग मला विचारणा होते, "सर, या रुजतील का?" प्रश्न साधा असला तरी उत्तर चुकले तर तो वाण संपतो. म्हणून त्याचा नीट विचार करू.

प्रथम आपली भाषा काय सांगते ते पाहावे. मराठीत 'रुजणे' आणि 'उगवणे' हे दोन वेगळे शब्द आहेत. मूळ खाली जाते ते रुजणे, कोंब वर दिसतो ते उगवणे. उसळीसाठी भिजविलेल्या कडधान्यात जो दाणा रात्रभर पाण्यात राहूनही दगडासारखा राहतो, त्याला आपण 'गणंग' म्हणतो. निरुपयोगी माणसालाही आपण तेच नाव दिले. मात्र बीजशास्त्राच्या दृष्टीने गणंग हा मेलेला दाणा नव्हे. त्याच्या टरफलातून पाणी शिरत नाही, एवढेच. आतला अंकुर पुष्कळदा जिवंत असतो, आणि असाच दाणा अधिक वर्षे टिकतो.

बी म्हणजे झोपलेला जीव. त्याचे आयुष्य ओलावा आणि उष्णता यांवर ठरते. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम असा की, बियांतील ओल एक टक्क्याने उतरली किंवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, तर आयुष्य सुमारे दुप्पट होते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे फडताळातल्या पुरचुंडीची अवस्था समजते. कांद्याचे बी एकदोन वर्षांतच निकामी होऊ लागते. सोयाबीनही नाजूक; २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. उलट जाड टरफलाची कडधान्ये दीर्घकाळ तग धरतात.

आता भिजविण्याकडे वळू. जुन्या बियांपुढे दोन अडचणी असतात आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. पहिली, पाणी आत शिरत नाही. टरफलावर मेणासारखा थर असतो आणि पृष्ठताणामुळे पाणी त्यावर थेंबाथेंबाने गोळा होऊन राहते. शुद्ध पाण्याचा हा ताण सुमारे ७२ एकक मानला, तर दुधाचा सुमारे ५० भरतो. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन हा फेसाळ पदार्थही हा ताण उतरवितो. त्यामुळे पाणी पसरते आणि बारीक भेगांत शिरते.

आपल्या पूर्वसूरींना हे अनुभवाने ठाऊक असावे. सहाव्या शतकातील वराहमिहिर हा अवंतीचा, म्हणजे शिंद्यांची राजधानी लष्करास येण्यापूर्वी जेथे होती त्या उज्जैनच्या परिसरातला. त्याच्या बृहत्संहितेत बी दहा दिवस दुधात भावित करून, तूप लावलेल्या हाताने चोळून, शेणात घोळविण्याचा विधी आहे. कौटिल्याने धान्याच्या बियांना रात्री दव आणि दिवसा ऊन असे सात दिवस द्यावयास सांगितले आहे.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. जुन्या बियांच्या पेशींची आवरणे जीर्ण झालेली असतात. पाणी एकदम आत घुसले तर ती फाटतात, आतली साखर व क्षार बाहेर पाझरतात आणि त्यावर बुरशी माजते. म्हणून जुने बी तांब्याभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवणे घातक. कौटिल्याचे दव मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. ती ओल हळूहळू मिळते.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी पुढील क्रम सांगतो. सगळ्या बिया एकदम काढू नयेत. वीस असतील तर पाच घ्याव्यात. ओल्या करून पिळलेल्या सुती फडक्यात त्या एक रात्र ठेवाव्यात. ज्या फुगतील त्या तशाच ओल्या फडक्यात राहू द्याव्यात. ज्या गणंग राहतील त्यांचे टरफल, डोळ्याची बाजू सोडून, काचकागदावर किंचित घासावे. मग एका रिठ्याची साल तांब्याभर कोमट पाण्यात चोळून, जेमतेम फेस येईल इतके सौम्य पाणी करावे आणि त्यात त्या चारपाच तास ठेवाव्यात. नंतर स्वच्छ धुवाव्यात, कारण सॅपोनिन जास्त झाले तर अंकुरालाच बाधते. रिठा दार उघडतो. आत कुणी जिवंत नसेल तर तो काही करू शकत नाही. पहिल्या पाचांचा अनुभव पाहून उरलेल्यांचे ठरवावे.

आशा सोडण्याचे मात्र कारण नाही. अमेरिकेत विल्यम बील यांनी १८७९ साली बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी काही २०२१ मध्ये रुजल्या. इस्रायलमध्ये मसाडा येथील सुमारे दोन हजार वर्षांच्या तीन खजूरबियांपैकी एक, कोमट पाणी व संजीवकांत भिजविल्यावर, २००५ साली उगवली. पण तिघींतली एकच, हेही विसरू नये.

आणि उगवले तर? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बीजपेढी केवळ साठवणीवर चालत नाही. बी पेरले जाते, वाटले जाते, शेजारच्या शेतातून नवे होऊन परत येते. आलेल्या पहिल्या वेलाच्या शेंगा म्हणूनच खाऊ नयेत. त्या वेलावर वाळू द्याव्यात आणि निम्मे बी दुसऱ्या घरी द्यावे. एकाच्या घरचे गेले तरी दुसऱ्याच्या घरी राहते.

या गावात मराठीचेही असेच आहे. दोनशे वर्षांपूर्वी लष्कराबरोबर आलेली ही भाषा आता पुष्कळ घरांतून फडताळात पडून आहे. नातवंडांवर ती एकदम ओतू नये. रोज थोडी ओल द्यावी. एवढे सांगून, गुरुवर्यांच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.