तक्रार नसलेला रुग्ण

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेल्या बायकांवर तो बेतलेला नव्हता. गावात राहणाऱ्या 650 स्त्रियांची तपासणी त्यात झाली. आपल्याला काही त्रास आहे असे 55 टक्के स्त्रियांनी सांगितले, आणि तपासल्यावर 92 टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. यातले सगळेच आजार शरीरसंबंधातून आलेले नव्हते, हे नीट ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही 55 आणि 92 यांमधले अंतर माझ्या आजच्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. लैंगिक संसर्गाची तपासणी तक्रारीवर सोपवून चालत नाही आणि माणसाच्या चारित्र्यावर तर मुळीच नाही.

या रोगांचा स्वभावच फसवा आहे. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत उपचाराशिवाय भरून येते. रुग्णाला वाटते, मलमाने गुण आला. जंतू मात्र शरीरातच असतात. पुढे तळहात-तळपायांवरही उठणारे पुरळ येते, तेही आपोआप मावळते, आणि उपचार झालेच नाहीत तर काहींमध्ये कित्येक वर्षांनी हृदय, मेंदू, मज्जातंतू यांवर घाला येतो. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही. तो गर्भनलिकांना इजा करतो आणि मूल होत नाही म्हणून बोल तिलाच लागतो. परमा, म्हणजे गनोरिया, झालेल्या पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू येतो, म्हणून तो औषध घेऊन मोकळा होतो. त्याच संसर्गाने त्याच्या बायकोला काही त्रास होईलच असे नाही. मग तिच्याकडून तो पुन्हा त्याच्याकडे येतो. एकट्याचा उपचार हा अर्धाच उपचार, तो दोघांचा एकाच वेळी व्हायला हवा.

यावर डॉक्टरांचाच एक रास्त आक्षेप आहे. तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा कुठे आहे? लक्षणे पाहून औषध दिले तर काय बिघडले? लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमधली सात रंगांची औषधांची पाकिटे याच विचारातून आली, आणि पुरुषाच्या पुवासाठी ती पद्धत चांगली आहे: त्याच दिवशी औषध, त्याच दिवशी साखळी तुटायला सुरुवात. पण अंगावरून पांढरे जाण्याची गोष्ट वेगळी. ते पुष्कळदा बुरशीमुळे किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्यामुळे जाते. तिथे अंदाजाने परम्याचे औषध देणे म्हणजे नको ते प्रतिजैविक आणि वर नवऱ्यावर नाहक संशय. परम्याच्या जंतूने सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही औषधे एकामागून एक निकामी केली आहेत. उरलेली जपून वापरण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय ज्याला लक्षणच नाही, त्याच्यापर्यंत हे पाकीट पोहोचत नाही.

चाचणीलाही मर्यादा आहेत. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल चाचणी गरोदरपणात किंवा इतर काही आजारांत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री करून घ्यावी लागते. एचआयव्हीची चाचणी संसर्गानंतर पहिले काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. ती ठरल्या वेळी पुन्हा करावी लागते. पण मर्यादा आहेत म्हणून चाचणीच टाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

सगळ्यात चिवट आक्षेप मात्र घराघरांतला आहे: ‘आमच्यात तसले काही नाही, तपासणी कशाला?’ एकनिष्ठ बाईलाही नवऱ्याकडून संसर्ग होतो. म्हणूनच सिफिलिसची चाचणी प्रत्येक गरोदर स्त्रीची करायची असते. रोग नुकताच लागलेला असेल, तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका मात्रेने, ती वेळेवर मिळाल्यास, पोटातली बहुतेक बाळे या संसर्गापासून वाचतात. पेनिसिलिनला हा जंतू अजून दाद देतो. सरसकट तपासणीने काय साधते याचा पुरावा तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळाला. 30 ते 59 वर्षांच्या निरोगी स्त्रियांची एचपीव्ही या कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या लैंगिक संसर्गासाठी एकदाच तपासणी करून ज्यांना गरज होती त्यांच्यावर उपचार केले, तेव्हा त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. हे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. त्या तपासणीत कुणाला चारित्र्याचा दाखला मागितलेला नव्हता.

तेव्हा लग्न ठरले असेल, घरात कुणी गरोदर असेल, नवा जोडीदार आला असेल, तर तक्रार उद्भवण्याची वाट पाहू नका. दोघांनी मिळून तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते, 2017 च्या कायद्याने तिची गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि 1097 या क्रमांकावर विनामूल्य माहिती मिळते.