चिलखताला सूर्य एकच



पत्रिकेत माझा विषय ‘निवृत्तीनंतरचे छंद’ असा छापला आहे. तो मंडळाने ठरवला. मी हरकत घेतली नाही, घेतली असती तर बोलावलंच नसतं. (हशा) पण आज मी बोलणार आहे ते एवढंच, की बोटाच्या दोन पेरांएवढ्या सैनिकाच्या चिलखतावर उजेड कुठून पडतो.

‘वॉरहॅमर ४०,०००’ म्हणजे काय, हे मागे उभ्या असलेल्या पोरांना ठाऊक आहे. पुढच्या रांगांना त्यांची नातवंडं सांगतील. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८७ साली काढलेला खेळ, नियम रिक प्रीस्टली यांचे. काळ अडतीस हजार वर्षं पुढचा. बादशहा दहा हजार वर्षं सिंहासनाला खिळलेला, आणि त्याच्या नावाने लढणारे चिलखतधारी स्पेस मरीन. टेबल, फासे, मोजपट्टी. सैनिक येतात ते करड्या प्लास्टिकच्या चौकटीत. कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे तुम्हीच. २०२० सालच्या नवव्या आवृत्तीत तर सामन्याच्या १०० गुणांपैकी १० गुण सैन्य रंगवलेलं असल्याबद्दल ठेवले होते. तेव्हा रंगकाम म्हणजे नुसती हौस नव्हे. किंमत मात्र विचारू नका, आमची ही दुसऱ्या रांगेत बसली आहे. (हशा)

आणि ‘हे काय वय आहे का खेळण्यांचं’ असं जे माझ्या पाठीमागे बोललं जातं, त्याला इथेच उत्तर देतो. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तक करून छापले, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. आता पुढे जाऊ.

माझं म्हणणं साधं आहे. हा पुतळा साधारण साठपट लहान केलेला माणूस. म्हणजे तुमच्या खोलीतली चार फुटी ट्यूबलाइट त्याच्या हिशेबाने २४० फूट लांब झाली! इतक्या पसरट उजेडाखाली सावली पडतेच कुठे? तो जन्मभर ढगाळ हवेत उभा असतो. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याला हा प्रश्न नसतो, तो अंगणात उन्हात उभा असतो. आमच्या सैनिकाची सावली हाताने रंगवावी लागते. आणि रंगवायची तर सूर्य कुठे आहे ते आधी ठरवायला नको?

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पुतण्या तिकडे नोकरीला असतो, त्याने मला नॉटिंगहॅमला वॉरहॅमर वर्ल्डमध्ये नेलं. कंपनीचं मुख्यालय तिथेच आहे आणि बाहेर स्पेस मरीनचा भला मोठा पुतळा आहे. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं. फोटो काढला, काही जमेना. पुतळा अगदी सपाट, पोस्टर लावल्यासारखा. पुतण्या म्हणाला, “काका, आत चला, थंडी आहे.” मी हललो नाही. तो दोनदा आत जाऊन आला. तिसऱ्यांदा कॉफी घेऊन आला, तीही गार झाली. मग मिनिटभर ऊन पडलं. खांद्यावरचं ते गोल कवच वरून उजळलं, त्याच्या खालच्या बाजूला काळोख साचला, आणि अगदी खालच्या काठाशी जमिनीवरून उलटा आलेला मंद उजेड! तीन पट्टे. पुन्हा ढग आले, पुन्हा सपाट. पुतण्याने घरी फोन करून काय सांगितलं ते मी इथे सांगत नाही. (हशा) आतले काचेमागचे देखावे अप्रतिम आहेत, पण मी ते धड पाहिले नाहीत.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? बरं.

तर आता माझं भांडण. कंपनीच्या ‘एव्ही मेटल’ चमूची ठरलेली शैली अशी, की चिलखताच्या प्रत्येक कडेवर फिक्या रंगाची बारीक रेघ ओढायची. हात काय सफाईचा आहे, कबूल! टेबलावर तीन फुटांवरून सैनिक उठून दिसतो, तेही कबूल. पण गुडघ्याच्या कवचाच्या खालच्या कडेवरही तीच रेघ? तिथे वरच्याइतका उजेड कुठून आला? मागे कोणी तरी हसतंय. तुमच्या सगळ्या सैनिकांवर त्या रेघा आहेत, मी पाहिले आहेत. (हशा)

दुसरं, चंदेरी रंगाची बाटली. तिच्यातले चमकदार कण खोलीतला खरा उजेड परतवतात आणि शेजारच्या निळ्या कवचावर तुम्ही रंगवलेला खोटा उजेड. एका अंगावर दोन सूर्य! तलवार फिरवली की एक हलतो, दुसरा हलत नाही. म्हणून धातूसुद्धा साध्या रंगांनी रंगवावा: राखाडी, जवळजवळ काळा, आणि एका ठिकाणी, फक्त एकाच ठिकाणी, पांढरा ठिपका. चकचकीत पत्रा हवा असेल तर मधोमध क्षितिजाची गडद रेघ, वर आभाळाचा निळा, खाली मातीचा तपकिरी. ज्यांना हे कष्टाचं वाटतं त्यांनी खुशाल चंदेरी वापरावा, फक्त मला दाखवायला आणू नये.

पाच मिनिटं! मग वॉश, ड्रायब्रश, गंज, सगळं राहिलं. नवशिक्यांपुरतं भराभर सांगतो. आधी चहूबाजूंनी काळा प्रायमर. तो वाळला की फक्त वरून, एकाच दिशेने, पांढऱ्याचा हलका फवारा. झालं, तुमचा सूर्य ठरला. त्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढे रंगवताना समोर ठेवा. रंग पाणी घालून पातळ, दोन हात द्या. ब्रश शून्य-शून्य-शून्य नंबरचा घेऊ नका, त्याच्या टोकावरचा रंग सैनिकापर्यंत पोचायच्या आत वाळतो. एक नंबरचा घ्या, टोक नीट जुळतं ना ते पाहून.

कार्यवाह, दोन मिनिटं ट्यूबलाइट बंद करता येतील का? मी विजेरी आणली आहे, वरून धरून दाखवतो. पंखे त्याच बटणावर आहेत? नको नको, मे महिना आहे, लोक मला मारतील. (हशा) मग असं करा, टेबलापाशी या. वार्निश मारलेलं आहे, हात लावलात तरी चालेल. फक्त बंदुकीला धरून उचलू नका.