रेपो रेट आणि रेणापूरचं सोयाबीन

आजचा विषय आहे चलनविषयक धोरण. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या खिशाची. मी मूळचा रेणापूरचा आणि काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे महागाईकडे मला दोन्ही बाजूंनी बघावं लागतं.

आधी शहर. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते, तो रेपो रेट. महागाई चढली म्हणून मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात तो 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. 25 लाखांचं, 20 वर्षांचं गृहकर्ज 7 ऐवजी 9.5 टक्क्यांनी धरा. महिन्याचा हप्ता जवळपास 3,900 रुपयांनी वाढतो. मग माणूस हात आखडतो, मागणी थंडावते.

आता गाव. पीककर्ज सवलतीचं असतं: ठरावीक मर्यादेपर्यंत 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 4. म्हणजे रेपोचा चटका इथे कमी. पण रेपो रेटने पाऊस पडत नाही की तेलबिया पिकत नाहीत. त्यामुळे खाण्याच्या वस्तू महागल्या की वेगळी हत्यारं निघतात. डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे वर्षभरासाठी बंद केले, मग मुदत वाढतच गेली. कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये उपकरांसह 5.5 वरून 27.5 टक्के झालं आणि मे 2025 च्या अखेरीस पुन्हा 16.5 वर आलं. तेव्हा मृगाची पेरणी तोंडावर होती!

शुल्क वाढलं म्हणजे भाव मिळालाच, असंही नाही बरं का. 2024 च्या सुगीत हमीभाव 4,892 रुपये होता, बाजार त्याच्या खालीच राहिला. सोयाबीनमध्ये तेल पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पेंड. आणि पेंडीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो.

माझा मुद्दा इतकाच. 2016 पासून महागाईचं लक्ष्य कायद्यात आहे: 4 टक्के, दोन टक्के इकडे-तिकडे. सहा जणांची समिती ठरलेल्या तारखांना बसते, कोणी काय मत दिलं ते छापून येतं. लक्ष्य सलग तीन तिमाह्या हुकलं तर रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणं द्यावी लागतात. 2022 मध्ये ती वेळ आलीही. आयात शुल्क मात्र एका रात्रीत बदलतं.

हप्ता भरणाऱ्याला पुढच्या बैठकीची तारीख माहीत असते. मग पेरणाऱ्याला निदान पेरणीआधी शुल्काचा अंदाज का मिळू नये? स्थिरता सगळ्यांसाठी हवी असेल, तर तिची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात नको.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.