चालत्या यंत्रास नवी तबकडी

एखादा गृहस्थ बँकेच्या खिडकीशीं पैसे भरतो, एखादी गृहिणी विम्याचा हप्ता पाठविते, आणि त्या रकमेविषयींची दोघांचीहि काळजी तेथेंच संपते. ती नोंद पुढें कोठें जाते, तिला कोण सांभाळतो, याचा विचार करण्याचें त्यांना कारण नसतें. जगांतील अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या व सरकारी खातीं यांच्या नोंदी आजहि 'मेनफ्रेम' नांवाच्या थोर गणकयंत्रांत राहतात. नोंदी रोज वाढतात, जागा अपुरी पडते, आणि मग यंत्र चालू असतांनाच त्यास नवी जागा जोडून द्यावी लागते. हें काम वरवर पाहतां कोठीच्या खोलींत आणखी एक फळी ठोकण्याइतकें साधें वाटतें. प्रत्यक्षांत मात्र व्यवस्थापकानें एका प्रश्नाला चुकीचें उत्तर दिलें, तर कित्येकांच्या नोंदी पुसल्या जाऊं शकतात. हें काम निर्धोकपणें कसें करतात व त्यांतील धोका नेमका कोठें असतो, हें पाहणें मोठें उद्बोधक आहे.

प्रथम या व्यवस्थेचें मूळ समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत केंब्रिज येथें आयबीएम कंपनीचें एक शास्त्रीय केंद्र होतें. तेथें १९६४ सालीं रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो व त्यांचे सहकारी यांनीं एक विलक्षण कल्पना हातीं घेतली. यंत्र एकच असावें, परंतु वापरणाऱ्या प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याच्याच ताब्यांत आहे असा प्रत्यय यावा, ही ती कल्पना. तिच्यांतून सीपी-४० नांवाची व्यवस्था निर्माण झाली व १९६७ च्या जानेवारींत ती नित्य वापरांत आली. तिच्यांत १४ आभासी यंत्रें एका वेळीं नांदूं शकत. पुढें सीपी-६७ आली. २ ऑगस्ट १९७२ रोजीं व्हीएम/३७० जाहीर झाली, आणि त्याच घराण्यांतील आजची पिढी म्हणजे झेड/व्हीएम होय. या सर्वांत एक नियंत्रक असतो व त्याच्या आश्रयाला पुष्कळ पाहुणीं यंत्रें राहतात. पाहुण्याला खरें यंत्र दिसत नाहीं. नियंत्रक जें दाखवील तेंच तो खरें मानतो.

आतां जागेविषयीं. १९५६ सालीं आयबीएमनें बाजारांत आणलेल्या पहिल्या तबकडी-यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत असत, आणि त्या सर्वांत मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. तबकडीवरील वर्तुळाकार मार्गाला ट्रॅक म्हणतात, व वर-खालीं एका रेषेंत येणाऱ्या ट्रॅकांच्या समूहाला सिलिंडर म्हणतात. पुढें १९८९ सालीं ३३९० या क्रमांकाची तबकडी आली. तिच्या एका ट्रॅकवर जास्तींत जास्त ५६,६६४ अक्षरें राहतात, १५ ट्रॅकांचा एक सिलिंडर होतो, आणि तिच्या तिसऱ्या नमुन्यांत असे ३,३३९ सिलिंडर असतात. म्हणजे एकंदर सुमारें २८४ कोटि अक्षरांची सोय झाली. आज मेनफ्रेमच्या मागें उभ्या असलेल्या साठवण-कपाटांत त्या आकाराची खरी तबकडी उरलेली नाहीं. निराळींच साधनें आंत असतात व तीं ३३९० चें सोंग तेवढें वठवितात. तरीहि सारा हिशेब सिलिंडरांतच चालतो. जमीन बदलली, पण मोजणी जुन्याच काठीनें चालूं राहिली, असा हा प्रकार आहे.

ही जमिनीची उपमा पुढेंहि उपयोगी पडेल. नियंत्रक एका तबकडीचे तुकडे पाडून ते निरनिराळ्या पाहुण्यांना देतो. अशा तुकड्याला मिनीडिस्क म्हणतात. कोणता तुकडा कोणाचा, हें एका वहींत लिहिलेलें असतें. गांवच्या दप्तरांत सातबाराच्या उताऱ्याला जें स्थान आहे, तेंच येथें या वहीला आहे. नोंदींत तबकडीचें नांव, तुकडा कोणत्या सिलिंडरापासून सुरू होतो व एकंदर किती सिलिंडरांचा आहे, एवढाच मजकूर असतो. एका पाहुण्याला पहिल्या सिलिंडरापासून १,००० सिलिंडर दिले, तर त्याची हद्द १,००० व्या सिलिंडराशीं संपते व शेजाऱ्याची १,००१ पासून सुरू व्हावयास पाहिजे. लिहिणाऱ्यानें गफलतीनें १,००० पासून असें लिहिलें, तर एका सिलिंडरावर दोघांचाहि मालकीहक्क नोंदला जातो. म्हणजे सुमारें साडेआठ लक्ष अक्षरांची जागा दोघांचीहि झाली.

ही वही यंत्रांत चढवितांना नियंत्रक अशा नोंदीला अडवीत नाहीं, कारण कांहीं ठिकाणीं हद्दींचें असें आच्छादन मुद्दाम केलेलें असतें. उदाहरणार्थ, व्यवस्थापकाला संपूर्ण तबकडी एकत्र पाहण्याची सोय ठेवावी लागते. त्यामुळें दोन्ही पाहुणे आपापलें काम निर्वेधपणें सुरू करतात. पहिल्याची जागा भरत भरत शेवटच्या सिलिंडराशीं पोंचते, तेव्हां तो शेजाऱ्याच्या आरंभींच्या नोंदींवर लिहितो. चूक एका दिवशीं होते आणि तिचें फळ कित्येक आठवड्यांनीं, भलत्याच माणसाच्या वांट्याला येतें. म्हणून डिस्कमॅप नांवाची आज्ञा देऊन सर्व तुकड्यांचा नकाशा आधीं काढावा, त्यांतील आच्छादनें व रिकाम्या जागा डोळ्यांखालून घालाव्या, आणि मगच वही चढवावी, असा शहाण्या व्यवस्थापकांचा शिरस्ता आहे.

प्रत्येक तबकडीच्या शून्याव्या सिलिंडराला विशेष मान आहे. तेथें तबकडीचें सहा अक्षरांचें नांव व जागेच्या वांटणीचा तक्ता असतो. तो सिलिंडर पाहुण्याला द्यावयाचा नाहीं. दिला, तर पाहुणा आपल्या समजुतीनें त्याची साफसफाई करील व तबकडीचें नांवच पुसलें जाईल. चालू असलेल्या यंत्राला याचा पत्ता लागत नाहीं. पुढच्या पुनरारंभीं मात्र नियंत्रक त्या नांवाची तबकडी शोधूं लागतो, ती सांपडत नाहीं, आणि तिच्यावर राहणारे सर्व पाहुणे एकाच वेळीं निराश्रित होतात.

आतां प्रत्यक्ष जोडणीचा क्रम पाहूं. पहिली पायरी ओळख पटविण्याची. साठवण-कपाट सांभाळणारे लोक नव्या तबकडीचा क्रमांक देतात, व नियंत्रकाला विचारलें असतां ती तबकडी मोकळी आहे असें उत्तर येतें. या उत्तराचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. त्या नियंत्रकाच्या राज्यांत ती कोणी वापरीत नाहीं, एवढेंच त्यानें सांगितलेलें असतें. तेंच कपाट दुसऱ्याहि एखाद्या व्यवस्थेला जोडलेलें असूं शकतें, आणि तेथें तीच तबकडी भरलेल्या कोठाराप्रमाणें वापरांत असूं शकते. गांवाबाहेरच्या मोकळ्या दिसणाऱ्या रानाला मालक नसतो असें थोडेंच आहे! म्हणून आंखणी करण्यापूर्वीं तबकडीवर आधींचें कांहीं नांव आहे काय, हें वाचून पाहावें. अनोळखी नांव दिसल्यास थांबावें, व कपाटाच्या रखवालदाराकडून लेखी खात्री करून घ्यावी.

दुसरी पायरी आंखणीची, म्हणजे तबकडी पुसून तिच्यावर नव्यानें रेघा मारण्याची. ज्या आज्ञावलीनें हें काम होतें, ती 'या सिलिंडरांवरील सर्व कांहीं पुसलें जाईल, पुढें जावयाचें काय?' असें विचारते व होकार मिळाल्यावांचून पुढें जात नाहीं. ही सोय चांगली आहे, पण पुरेशी नाहीं. तबकडी ताब्यांत घेतांना व्यवस्थापक तिला आपल्यापुरता एखादा सोयीचा क्रमांक देऊं शकतो, आणि आज्ञावली प्रश्न विचारतांना तोच क्रमांक दाखविते. खरा क्रमांक पडद्यावर नसतो. ज्यानें सकाळपासून दहा तबकड्यांना होकार दिला आहे, त्याचा अकरावा होकार संवयीनें उमटतो, आणि तोच नेमका चुकीच्या तबकडीवर पडूं शकतो. एकानें खरा क्रमांक व नांव मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें यादीशीं ताडून पाहावें, हा उपाय जुना असला तरी आजहि त्याहून सोपा उपाय नाहीं.

तिसरी पायरी नांवाची. एकाच नांवाच्या दोन तबकड्या व्यवस्थेंत असूं नयेत. साठवण-कपाट एका तबकडीची हुबेहूब प्रत काढूं शकतें, व त्या प्रतींत नांवहि उतरतें. अशी प्रत चुकून दृष्टीच्या टप्प्यांत राहिली, तर पुनरारंभीं नियंत्रक दोहोंपैकीं एकच स्वीकारतो, आणि ती जुनी निघाली तर कालचा व्यवहार नाहींसा झाल्यासारखा दिसतो.

चौथी पायरी उपयोग ठरविण्याची. नवी तबकडी पाहुण्यांच्या मिनीडिस्कांसाठीं असेल, तर तिचा आरंभींचा भाग आंखून नांव दिलें म्हणजे बहुधा भागतें. प्रत्येक पाहुणा आपला तुकडा स्वतः आंखून घेतो. तीच तबकडी स्मृतींतून बाहेर काढलेलीं पानें ठेवण्यासाठीं असेल, तर ती सबंध आंखावी लागते. एक पान ४,०९६ अक्षरांचें असतें, व ३३९० च्या एका सिलिंडरांत अशीं १८० पानें बसतात. नियंत्रकाच्या स्वतःच्या तबकड्यांची एक क्रमवार यादी असते. तींत नवें नांव राखून ठेवलेल्या मोकळ्या खान्यांतच लिहावें. सुबकपणाच्या हौसेनें जुनीं नांवें पुढें-मागें केलीं, तर छपाईसाठीं व इतरत्र पोंचविण्यासाठीं थांबून राहिलेले कागद गमावण्याची पाळी येते.

एवढें झाल्यावर यंत्र न थांबवितां तबकडी कामाला लावतां येते. दोन-तीन आज्ञा दिल्या कीं नियंत्रक नव्या जागेचा उपयोग करूं लागतो, आणि पाहुण्यांना कांहीं घडल्याची जाणीवहि होत नाहीं. पुष्कळांची कल्पना अशी, कीं काम येथें संपलें. वस्तुतः चालत्या यंत्राला दिलेली आज्ञा त्याच्या चालू आयुष्यापुरतीच टिकते. पुनरारंभीं नियंत्रक आपलें रचनापत्रक वाचतो, आणि त्यांत नव्या तबकडीचा उल्लेख नसेल तर ती त्याच्या लेखीं अस्तित्वांतच नसते. सहा महिन्यांनीं, वीज गेल्यानंतर मध्यरात्रीं, ज्याला या जोडणीची वार्ताहि नाहीं अशा माणसासमोर हें उघडकीस यावें, याहून वाईट मुहूर्त कोणता? म्हणून रचनापत्रक त्याच दिवशीं दुरुस्त करावें, त्यांतील लेखनदोष तपासणारी आज्ञा चालवावी, आणि जुनें पत्रक दुसऱ्या नांवानें शेजारींच ठेवावें. नवें पत्रक दगा देऊं लागलें, तर आरंभकाला जुन्या पत्रकाचें नांव सांगून यंत्र उठवितां येतें.

तबकडी काढून घेण्याचा प्रसंगहि कधीं येतो, व त्यालाहि हाच धीर लागतो. पानें ठेवावयाच्या तबकडीवर नवें कांहीं ठेवूं नये अशी 'ड्रेन' नांवाची आज्ञा आहे. परंतु आधीं ठेवलेलें त्या आज्ञेनें हलत नाहीं. तबकडी खरोखर रिकामी झाल्याचें विचारून घेतल्यावरच ती सोडवावी.

या सर्व क्रमांत तबकडी जोडणें हा अगदीं लहान भाग आहे. उरलेलें सर्व काम दप्तराचें आहे: वहींत लिहिलें तें जमिनीवर आहे काय, व जमिनीवर आहे तें वहींत आलें काय, एवढें वारंवार पाहण्याचें. केंब्रिजच्या संशोधकांनीं प्रत्येकाला स्वतंत्र यंत्राचा अनुभव दिला, आणि जागेची चिंता वापरणाऱ्यांच्या माथ्यावरून उतरविली. ती चिंता नाहींशी मात्र झाली नाहीं. ती एका व्यवस्थापकाच्या खांद्यावर येऊन बसली. त्याचें काम चोख झालें म्हणजे बँकेच्या खिडकीशीं कांहींच घडत नाहीं. खातेदार आपली शिल्लक विचारतो, ती बरोबर निघते, आणि तो घरीं जातो.